दोन बाजांमधलं अंतर: १९२३च्या नागपुरातलं एक नाटक कसं उभं करावं

दोन पुरुषांमधलं न बोललेलं प्रेम आणि जुना काळ असलेलं नाटक हौशी संस्था घेतात तेव्हा ते दोनच जागी फसतं. एक तर शेवटच्या प्रवेशात कोणीतरी सगळं बोलून टाकतं. नाहीतर कोणीच काही बोलत नाही, दोघं एकमेकांकडे बघत राहतात आणि मागे बासरी वाजते. दोन्हीचं कारण एकच. जे बोलायचं नाही त्याला बसायला दुसरी जागा दिलेली नसते. ती जागा हाक मारण्यात, रोजच्या कामात आणि घरातल्या वस्तूंत आधीच करून ठेवावी लागते. ती कशी करायची ते एक नमुना धरून सांगतो. लेखन तुमचं असेल तर हा सांगाडा बदलून घ्या, कामाची पद्धत तीच राहील.

नमुना असा. काळ १९२३, मे ते ऑगस्ट. जागा नागपूरच्या महाल भागातला एक वाडा. वामन सरकारी कचेरीत कारकून, वय अठ्ठावीस. श्रीधर राष्ट्रीय शाळेत शिक्षक, वाड्यात बिऱ्हाडकरू म्हणून आलेला, वय सव्वीस. तिसरं पात्र वामनची काकू. पात्रं तीनच, वेळ दीड तास, मध्यंतर नाही. मध्यंतरात चहा पिऊन परत आलेल्या प्रेक्षकाला पुन्हा शांततेत बसवायला दहा मिनिटं जातात, आणि या नाटकाकडे तेवढी मिनिटं नसतात.

हाच काळ का, तर झेंडा सत्याग्रहामुळे. १ मे १९२३ला नागपुरात तो सुरू झाला आणि १८ ऑगस्टला संपला. जमनालाल बजाज आणि पुढे वल्लभभाई पटेल यांनी त्याचं नेतृत्व केलं. शहरातून इंग्रज अधिकाऱ्यांच्या सिव्हिल लाइन्स वस्तीकडे झेंडा घेऊन निघायचं आणि अटक करून घ्यायची, असा तो क्रम. श्रीधर त्यात जाणार आणि वामन सरकारी नोकर, त्यामुळे ताटातूट बाहेरून येते, ओढूनताणून आणावी लागत नाही. एक धोका मात्र आहे. दोघांचं गुपित म्हणजे राजकारणच, असं प्रेक्षक समजून बसतो. म्हणून श्रीधर सत्याग्रहात जाणार हे पहिल्या पाच मिनिटांत काकूंसमोर उघड सांगून टाका. राजकारणाचं गुपित संपलं की उरलेल्या अवघडलेपणाचं कारण प्रेक्षक दुसरीकडे शोधायला लागतो.

संहिता: हाक कशी बदलते

मराठीला मिळालेली मोठी सोय म्हणजे तुम्ही, तू आणि तिसरा मार्ग. हा तिसरा मार्ग आपल्या आज्या-पणज्यांनी वापरला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तू-तुम्ही दोन्ही टाळायचं आणि ‘इकडून जेवण झालं का?’ असं विचारायचं. नाव न घेणं हे नात्याचं लक्षण आहे हे मराठी प्रेक्षकाला शिकवावं लागत नाही. तेव्हा वामनच्या तोंडी श्रीधरसाठी तीन पायऱ्या ठेवा. पहिल्या प्रवेशात ‘श्रीधरपंत, तुम्ही जेवून घ्या.’ दुसऱ्यात ‘श्रीधर, जेवून घे बरं.’ तिसऱ्या प्रवेशापासून नाव नाही, सर्वनाम नाही, फक्त ‘जेवण झालं?’ यानंतर नाटक संपेपर्यंत वामनने त्याचं नाव घ्यायचं नाही, काकूंशी बोलतानाही नाही. संहितेच्या प्रतीवर हिरव्या पेनाने प्रत्येक संबोधनाला खूण करा. तालमीत नट सवयीने नाव घालतो आणि एकदा घातलं की सगळी इमारत कोसळते. प्रॉम्प्टरला तेवढं एकच काम द्या.

शब्दांची चाळणी लावा. ‘समलिंगी’ हा शब्द या माणसांजवळ नाही. त्यांच्याजवळ स्नेह आहे, लळा आहे, जीव लागणं आहे, आणि हे सगळे शब्द दोन मित्रांमध्ये उघडपणे चालत होते. कायद्याबद्दलही तेच. भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ १८६२पासून लागू होतं आणि ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढलं. ही माहिती माहितीपत्रकात छापा, संवादात आणू नका. १९२३चा कारकून स्वतःच्या मनाला कलमाचा आकडा देत नाही.

बोली किती ठेवायची? काकू पूर्ण नागपुरी बोलू देत: ‘काहून बसला रे अंधारात?’, ‘पाऊस येऊन राहिला, बाज आत घे.’ (बाज म्हणजे सुतळीने विणलेली खाट.) वामन-श्रीधर शिकलेले आहेत, त्यांच्या तोंडी ‘येऊन राहिलो’ दहा-बारा वेळा पुरे. वाक्यागणिक ‘बे’ घातलं की प्रेक्षागृहात हशा होतो आणि तो पुढे नको तिथे परत येतो.

कवेलू

मेअखेरीला, मृगाआधी, विदर्भातल्या घरांचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरले जातात. फुटके काढायचे, सरकलेले नीट बसवायचे, उलट्यावर सुलटा. एक जण वर, एक खाली, आणि हातातून हातात कवेलू. दुसरा प्रवेश पूर्ण याच कामावर उभा करा. शिडी सहा फुटी आणि पाय रुंद असलेली घ्या, रंगमंचाच्या डाव्या विंगेला लावा, वरचं छत प्रेक्षकाला दिसायची गरज नाही. श्रीधर शिडीवर, कमरेपासून वर झालरीआड. प्रेक्षकाला दिसतो तो वामन आणि वरून येणारा एक हात.

खरे मातीचे कवेलू पंधरा जमवा. गावाकडे जुनी घरं पाडली जातात तिथे ते सहज मिळतात. थर्माकोलचे बनवू नका, कारण या प्रवेशाचा सगळा जीव त्या खणखण आवाजात आहे. प्रत्येक कवेलू देण्याआधी बोटाच्या पेराने वाजवून पाहायचा: चांगला खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. तालमीत हे वाजवणं खरंच करून घ्या. नटाचे कान कवेलूकडे असले की चेहऱ्यावर भाव आणायचा नाद आपोआप सुटतो.

आता मोजणी. बारा कवेलू वर जातात. पहिल्या आठांत बोटांना बोट लागतं आणि कोणालाच काही वाटत नाही. त्या काळी पुरुषांच्या स्पर्शाला मुभा होती. खांद्यावर हात टाकून फिरणं, एका पांघरुणात झोपणं यात कोणी वावगं पाहत नव्हतं. म्हणून स्पर्श झाला यातून प्रेक्षकाला काहीच कळत नाही, स्पर्श थांबला की कळतं. नववा कवेलू वामन कडेने धरून देतो, बोटं लागणार नाहीत असा. दहावाही तसाच. अकराव्याला वरचा हात क्षणभर थांबतो. बारावा वामन शिडीच्या पायरीवर ठेवतो आणि हात मागे घेतो. संवाद चालू राहतो तो वाळवणाचा आणि पन्ह्याचा. नट हे नेहमी नवव्या कवेलूला जड करून टाकतात, एक आवंढा गिळतात. तो काढून टाका. आवाजाची लय आठव्यापर्यंत एकसारखी आणि नंतर किंचित सैल, एवढ्यावर प्रेक्षक पकडतो.

बाजा

सुतळीच्या दोन बाजा हे या नाटकाचं मुख्य नेपथ्य. लांबी सहा फूट, रुंदी अडीच, उंची सव्वा फूट. पायथ्याची दोरी प्रयोगाच्या आदल्या दिवशी ओढून घट्ट करा. सैल बाजेत नट झोपला की खोलगट जातो, चेहरा दिसत नाही, आणि कूस बदलताना करकर होते. बाजा प्रेक्षकाला समांतर ठेवल्या तर मागचा माणूस झाकतो. पाय प्रेक्षकाकडे केले तर तळवेच दिसतात. दोन्ही बाजा साधारण तीस अंश तिरक्या, डोकी एकाच बाजूला, आणि मागची बाज नऊ इंची लेव्हलवर, म्हणजे लाकडी चौथऱ्यावर ठेवा.

अंतर हात आणि वितीत मोजा, हात दीड फुटाचा, वीत नऊ इंचांची. जमिनीवर पायांच्या जागी रंगीत चिकटपट्टीच्या खुणा करा, प्रत्येक प्रवेशाला वेगळा रंग. पहिला प्रवेश, मे महिना, अंगण: चार हात. तिसरा प्रवेश, जूनचा पहिला पाऊस, ओसरी. एक जागा गळतेय, कारण कोपऱ्यातले दोन कवेलू राहून गेले. काकू गंज (पितळी पातेलं) आणून धारेखाली ठेवतात आणि श्रीधरची बाज ओढून वामनच्या बाजेला लावतात. अंतर एक वीत. हे अंतर दोघांपैकी कोणी कमी केलेलं नाही, पावसाने आणि काकूंनी केलं. काकूंना किती कळतं? दिग्दर्शकाने ठरवून टाकावं आणि नटीला सांगावं की सगळं कळतं. पण तिने ते दाखवायचं नाही. बाज ओढताना ती फक्त गळतीकडे बघते.

त्या रात्रीच्या प्रवेशात दोघं पाठीवर झोपलेले, डोळे उघडे, गंजात थेंब. थेंब ध्वनिमुद्रित वापरू नका. वरून सलाइनच्या नळीतून खरा थेंब सोडा, चाक फिरवून वेग ठरवता येतो. चार सेकंदांना एक थेंब. रिकाम्या पितळी गंजात पहिले थेंब टणटण वाजतात, तळाशी बोटभर पाणी आलं की आवाज मऊ होतो. प्रवेशाची सात मिनिटं आणि या नळीचा वेग यांचा हिशोब बसत नाही, म्हणून प्रवेश अर्धा झाल्यावर काकूंनी गंज पाहायला येऊन तांब्याभर पाणी आत ओतावं, ‘टणटणाटाने झोप येणार नाही तुम्हाले’ म्हणत. नंतरचा मऊ आवाज शेवटपर्यंत चालतो. गंजाखाली गोणपाट घाला, नाहीतर लाकडी रंगमंच त्याचा ढोल करतो.

शांततेचं माप प्रतीवर लिहून ठेवा. चार सेकंद नटाला युग वाटतात आणि प्रेक्षकाला जेमतेम जाणवतात. हातात काम असेल तर आठ सेकंदही चालतात, रिकाम्या हातांनी बाराच्या पुढे गेलात की खोकले सुरू होतात. नटाला सेकंद मोजायला लावू नका, श्वास मोजायला सांगा: ‘दोन श्वास, मग तांब्या उचल.’

कार्ड

चौथा प्रवेश जुलैचा. श्रीधर तुरुंगात, वामन काकूंना त्याचं कार्ड वाचून दाखवतो. पोस्टकार्ड १९२२पासून अर्ध्या आण्याचं झालं होतं. कार्ड उघडं असतं, ते तुरुंगाचा अधिकारी वाचणार, पोस्टमन वाचणार, वाडा वाचणार. म्हणून मजकूर असा:

‘स. न. वि. वि. प्रकृती उत्तम. ओसरीच्या कोपऱ्यातले दोन कवेलू राहिले ते मनास लागून आहे. माझ्या बाजेखाली गंज ठेवणे. काकूंस नमस्कार. कळावे.’

रोजच्या वाचनात ‘सनविवि’ हे एका दमात म्हणून टाकतात. वामननेही तसंच सुरू करावं, थांबावं, आणि मग ते सोडवून वाचावं. त्यातला ‘स’ सविनयही असतो आणि सप्रेमही. लिहिणाऱ्याने कोणता लिहिला हे कार्डावर नाही, वाचणाऱ्याने निवडायचं. ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.’ सबंध नाटकात हा शब्द येतो तो इथेच, एकदाच, आणि तो श्रीधरचा नाही, वामनचा आहे. शेवटी ‘लोभ असावा’ लिहायचा मोह आवरा. दोन इशारे दिले की पहिलाही वाया जातो.

वाचून झाल्यावर काकू एवढंच म्हणतात: ‘ती बाज त तू उचललीच नाही अजून.’

या प्रवेशाची तालीम वाण्याची यादी वाचून करा. वामनचं काम करणारा नट आठवडाभर रोज किराण्याची यादी वाचू दे, मग त्याच आवाजात कार्ड. रडू आलं तर प्रेक्षकाला येऊ द्या, नटाचा आवाज कापला की समोरच्याचं रडू आटतं. कार्डावर मजकूर खरंच लिहिलेला असू द्या, टाकाने, मोडीत जमलं तर उत्तमच. त्या काळच्या खासगी पत्रांत मोडी चालत होती आणि नटाचे डोळे खऱ्या ओळीवरून फिरताना पुढच्या रांगेला दिसतात. आजचं पिवळं कार्ड मात्र हातात देऊ नका.

काळ चुकतो तो कुठे

झेंड्यात सर्वांत जास्त चूक होते. १९२३चा झेंडा वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि त्यावर चरखा असा होता. केशरी-पांढरा-हिरवा क्रम १९३१चा आणि अशोकचक्र १९४७चं. भाड्याने आणलेला झेंडा उघडून बघा.

संत्री नकोत. नागपूर म्हटलं की प्रत्येक दिग्दर्शक टोपलीभर संत्री मांडतो, पण मे ते ऑगस्टमध्ये संत्र्यांचा हंगाम नसतो, आणि हे नागपूरच्या प्रेक्षकाला पक्कं माहीत असतं. त्याऐवजी माठ, पन्हं आणि दाराला वाळ्याची ताटी. ताटीवर प्रयोगाआधी पाणी मारलं तर वाळ्याचा वास पहिल्या पाच रांगांना येतो. नाटक हिवाळ्यात नेलंत तर मात्र संत्र सोलून फोडी देणं यासारखं दुसरं काम नाही.

पैशांचा हिशोब आण्यांत: रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. नवे पैसे १९५७ला आले. स्टीलचं एकही भांडं नको. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत जुनी पितळ वजनावर मिळते. ती चकचकीत घासू नका, रोजच्या वापराची राखेने घासलेली दिसली पाहिजे.

धोतर साधारण साडेचार मीटरचं सुती घ्या, गांधीबागेत मिळतं. पांढरंशुभ्र कापड दिव्याखाली नटाच्या चेहऱ्यापेक्षा जास्त चमकतं, म्हणून ते चहात बुडवा. आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून खळ काढा, नाहीतर डाग-डाग रंगतं. पाच लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम चहापत्ती पंधरा मिनिटं उकळा, गाळा, दोन चमचे मीठ घाला आणि धोतर दहा मिनिटं सतत हलवत ठेवा. वाळल्यावर रंग एक छटा उतरतो, तेव्हा ओलं असताना जरा गडदच वाटलं पाहिजे. श्रीधरला जाडीभरडी खादी आणि गांधी टोपी, वामनला गिरणीचं तलम कापड, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी. एम्प्रेस मिल १८७७पासून चालू होती, तिचं कापड अंगावर घालणारा आणि खादी घालणारा शेजारी बसले की प्रश्न आपोआप दिसतो. इलॅस्टिकचं तयार धोतर आणू नका. निऱ्या आणि कासोटा दोन्ही नटांनी स्वतः घालायला शिकावं, पंधरा दिवस तालमीत धोतरच. पॅन्टमध्ये तालीम केलेला माणूस प्रयोगाच्या दिवशी बाजेवर मांडी घालताना अडकतो.

केस दोन महिने आधीपासून वाढवा. बाजूने मशीन मारलेले केस टोपीखालूनही ओळखू येतात. खुंट ठेवलेली दाढी चालणार नाही, एक तर तुळतुळीत किंवा मिशी.

उजेड

सभागृहात खरी ज्योत बहुधा लावू देत नाहीत. कंदिलात सेलवर चालणारा पिवळा एलईडी बसवा, २२०० केल्विनच्या आसपासचा, आणि काचेला आतून धुराचा पातळ हात द्या. कंदील स्वतः काही उजळत नाही. उजळायचं काम कंदिलाच्याच दिशेने मारलेल्या दोन फ्रेस्नेलनी (मऊ कडेचा प्रकाश देणारे दिवे) करायचं, अंबर जिलेटीन लावून, वीस-पंचवीस टक्क्यांवर. काकू वात वर करतात तेव्हा प्रकाश आठ सेकंदांत चढू दे, आणि प्रकाशवाल्याने हाताच्या मागे राहावं, पुढे नाही. हात लागायच्या आधी खोली उजळली की सगळी मेहनत फुकट. पाऊस पडताना निळा प्रकाश ओतण्याची सवय सोडा, अंधार ठेवा आणि गंजाच्या कडेवर एक बारीक प्रोफाइल, म्हणजे रेखीव कडेचा झोत.

संगीत नकोच. गिरणीचा भोंगा, रहाटाचा आवाज, टकळी, पाऊस एवढं पुरे.

तालीम

सहा आठवडे धरा, रोज दोन तास. पहिला आठवडा वाचन. दुसऱ्यात प्रत्येक नटाने आपल्या वाक्याशेजारी मनातलं वाक्य लिहायचं आणि तालमीत तेही मोठ्याने म्हणायचं. ‘जेवण झालं?’ आणि लगेच ‘तू जाऊ नको.’ तिसऱ्या आठवड्यात मनातलं कुजबुजत, चौथ्यात बंद. बंद केल्यावर नट त्या जागी उसासे आणि रोखून पाहणं भरतात. त्यावर एकच नियम लावा: समोरचा बघत नसेल तेव्हाच त्याच्याकडे बघायचं. संपूर्ण नाटकात नजरेला नजर दोनदाच, तिसऱ्या प्रवेशात पाऊस सुरू होताना आणि शेवटी.

नट घरी काय सांगतील, सहकारी चिडवतील का, हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलून घ्या. तालमीच्या जागी थट्टेत एकमेकांना त्यावरून चिडवणं सुरू झालं तर तिथेच थांबवा. ते वरवर निरुपद्रवी असतं, पण नट अंग चोरायला लागतो. चौथ्या आठवड्यात बाहेरची पाच-सहा माणसं बसवा. नागपुरात सारथी ट्रस्टसारख्या संस्था समलिंगी माणसांबरोबर काम करतात, त्यांच्यातल्या कोणाला यायचं असेल तर बोलवा आणि त्यांना खोटं काय वाटलं एवढंच विचारा.

परवानगी आणि सभागृह

जाहीर प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता पक्की झाली की लगेच पाठवा, तारीख ठरवून मग पाठवू नका. लेखन दुसऱ्याचं असेल तर लेखकाची लेखी परवानगी त्याआधी.

रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह सुमारे २००० खुर्च्यांचं आहे, तिथे नवव्या कवेलूचं बोट कोणाला दिसणार? लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह किंवा एखाद्या शाळेचा दोन-अडीचशे खुर्च्यांचा हॉल या नाटकाला जवळचा. आत शिरून आधी कूलर ऐका. कूलरच्या घरघरीत गंजातला थेंब बुडतो, आणि मेमध्ये कूलर बंद केले तर प्रेक्षक उठून जातो. म्हणून काळ मेचा असला तरी प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावा. लग्नाच्या तिथी टाळा, शेजारच्या मंगल कार्यालयातली वरात नेमकी कार्डाच्या वेळी येते.

प्रेक्षक अवघडला की हसतो. ते हसू द्वेषाचं असतंच असं नाही. त्याला वाट करून द्यायला पहिल्या दहा मिनिटांत काकूंना दोन चांगल्या हशाच्या जागा द्या. नंतर बाजा जवळ येताना कोणी हसलंच तर नटांनी थांबायचं नाही, घाईही करायची नाही, थेंब मोजत राहायचं. जाहिरातीत ‘धाडसी’ आणि ‘वेगळ्या विषयावरचं’ हे शब्द छापू नका, त्यांनी हसायला आलेला प्रेक्षक येतो. ‘महाल, १९२३. एक वाडा, दोन बिऱ्हाडं’ एवढं पुरे.

शेवटच्या प्रवेशात ऑगस्ट संपत आलेला, श्रीधर सुटून आलेला, आणि त्याची बदलीच्या गावी निघायची तयारी. वामन दोन्ही बाजा स्वतः घालतो. खुणा दोन ठेवा, चार हातांची आणि एका वितीची, आणि कोणत्या खुणेवर घालायची हे नटाला प्रयोगाच्या दिवसापर्यंत सांगू नका. बाज खुणेवर टेकली की दोन श्वास, दोघांची नजर, कंदिलाची वात खाली, आणि पडदा सावकाश नको, एका दमात.